तीन पिढ्या निष्ठावंत

"साहेब, निष्ठावंत म्हणजे नेमका कोण? जो पक्षात राहतो तो, की जो तुमच्याबरोबर पक्ष सोडतो तो?"

प्रश्न विचारून झाला आणि शाळेच्या सभागृहातल्या पंख्यांची घरघर एकदम ऐकू यायला लागली. एरवी तिथले पंखे फिरतायत की नाही हे मान वर करून बघावं लागायचं. पहिल्या रांगेतले सगळे शिक्षक एका वेळी ताठ झाले. मुख्याध्यापकबाईंच्या हातातला फुलांचा गुच्छ कलला. आणि मागच्या बाकावर लंबू आणि बटण या दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फुटायच्या बेतात होत्या, कारण पैज त्यांचीच होती. बक्षीस समारंभाला येणाऱ्या पाहुण्यांना हा प्रश्न विचारायचा, जसाच्या तसा, शब्द न गाळता. विचारला तर वर्षभर खिडकीजवळची जागा.

आणि भोंग्याला आव्हान दिलं की भोंगा मागे हटत नसे.

भोंगा हे नाव वर्गानं ठेवलं होतं. कानात सांगितलेलं गुपितही तिच्या तोंडून शेजारच्या वर्गापर्यंत पोचायचं, म्हणून भोंगा. आधी तिला या आवाजाची लाज वाटायची. ओठ मिटून, खांदे पाडून बसायची. मग एकदा मैदानावर माईक बंद पडला, सरांच्या शिट्टीला कुणी भीक घालेना, आणि तिनं एकटीनं ओरडून अख्खी शाळा रांगेत उभी केली. तेव्हापासून स्वारी जमिनीपासून वीतभर वर चालत होती. देवानं गळा दिलाय तर तो कशाला कुलपात ठेवायचा?

साहेब मात्र कसलेले गडी. शिडीवाल्या पक्षात त्यांचे केस काळ्याचे पांढरे झाले होते. गेल्या वर्षी त्यांनी शिडी सोडून किल्लीवाल्यांशी घरोबा केला. ज्यांना उभा जन्म चोर म्हटलं त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले. गावाला सगळं ठाऊक होतं, पण मोठ्यानं कुणी म्हणत नव्हतं. ते एका शाळकरी पोरीनं माईकशिवाय म्हटलं होतं.

"अशी उभी राहा, दिसू दे सगळ्यांना," साहेब हसत म्हणाले. "कुणाची गं तू?"

"माझे बाबा पंपघरात आहेत, पाणीपुरवठ्याच्या. आणि आजोबा बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. ते घोषणा द्यायचे."

साहेबांचं हसू क्षणभर थबकलं आणि दुपटीनं परत आलं. "अण्णांची नात! तरीच म्हटलं, हा आवाज ओळखीचा कसा." ते मुख्याध्यापकबाईंकडे वळले. "बाई, घोषणा द्यायला मला हिच्या आजोबांनी शिकवलं. 'पोटातून काढ रे, गळ्यातून काढशील तर दुपारपर्यंत बसेल,' असं म्हणून पोटात गुद्दा मारायचे." सभागृह हसलं. सुटलो म्हणून हसलं. "तर बाळ, तुझं उत्तर तुझ्या घरातच आहे. निष्ठावंत म्हणजे तुझे आजोबा. त्यांनी कधी विचारलं नाही, साहेब, कुठे जायचं? चला म्हटलं की निघाले. निष्ठावंत माणूस प्रश्न विचारत नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंग्यानंही वाजवल्या.

"बरे आहेत ना अण्णा?"

"झटका आला होता, साहेब. उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. आता काहीही म्हणायचं असलं तरी एकच म्हणतात, विजय असो."

"काय म्हणतात?"

"विजय असो. तेवढंच राहिलंय."

साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या पीएकडे पाहिलं. पीएनं नुसती मान हलवली.

खाली बसल्यावर बटणनं विचारलं, "त्यांनी तुला उत्तर दिलं, की गप्प बस म्हणून सांगितलं?"

"काय का असेना," भोंगा म्हणाली, "खिडकी माझी."

घरात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आजोबांचा पलंग. आई-बाबा त्यांना अण्णा म्हणत, तीच फक्त आजोबा म्हणायची. एके काळी या माणसाच्या आवाजानं कारखान्याचं फाटक उघडायचं. भट्टीच्या गर्जनेवर चढून बोलायची सवय, त्यामुळे मोर्चात त्यांना माईक लागत नसे. ते नुसतं नाव उच्चारायचे आणि हजार माणसं "विजय असो" म्हणायची. संपात त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं ते कायमचं वाकडं राहिलं. पुढे मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि शब्दांचं सगळं कोठार रिकामं झालं. बायकोचं नाव गेलं, मुलाचं गेलं, पाणी, भाकर, देव, शिव्या, सगळं वाहून गेलं. उरली ती लोकांनी म्हणायची घोषणा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, जे सर्वांत घोटलेलं असतं ते तळाला चिकटून राहतं.

पहिल्यांदा सगळी रडली होती. मग सवय झाली. शेजारच्यांना वाटायचं, यांच्याकडे रोज पहाटे मोर्चा निघतो. निघायचं ते बेडपॅन.

कारण त्या दोन शब्दांत आजोबांचं सगळं मावायचं, ऐकणारा कान हवा. "वि…जय असो" असं लांबवलं की पाणी. तोडून फेकल्यासारखं म्हटलं की नको. घाईघाईनं लागोपाठ म्हटलं की आईला हाक मारायची. भोंगा शाळेतून आली की अगदी हळू, "असो" वर हेलकावा देऊन म्हणायचे, म्हणजे आलीस का गं. आणि दुखलं की "असो" गळून पडायचं. दातांवर दात दाबून नुसतं "विज… विज…" एवढंच. बाबांना हे अर्धंमुर्धं कळायचं. आईला पुष्कळ कळायचं, ती हॉस्पिटलात वॉर्डआया होती. पण कधीच न चुकणारी एकच, भोंगा. आजोबांची दुभाषी म्हणून घरात भोंग्याचा भाव वधारलेला होता.

त्याच संध्याकाळी पीए सफरचंदांची करंडी घेऊन दारात.

"रविवारी मैदानावर मेळावा आहे. निष्ठावंतांचा सत्कार. साहेबांचा खास निरोप, अण्णा हवेतच."

आईनं ओल्या हातांनी करंडी घेतली आणि खाली ठेवून दिली. "त्यांना बसवत नाही हो. कमरेखाली जखम आहे, पडून पडून झालेली. आत्ता कुठे भरत आलीय. बसले की उघडेल."

"ताई, दहा मिनिटांचं काम. गाडी दारात येईल, माणसं उचलून नेतील." पीए बाबांकडे वळला. "आणि तुमचंही कळलंय साहेबांना. किती वर्षं हंगामी?"

बाबा पंपघरातले व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, गावाला पाणी सोडायचे. आई म्हणायची, पंप कायम, गळती कायम, हंगामी काय ते आमचे हेच. बाबांनी आकडा सांगितला नाही. नुसते हसले. असं हसताना ते फार लहान दिसायचे.

"होईल, होईल," पीए म्हणाला. "निष्ठावंताचा मुलगा हंगामी राहतो म्हणजे काय! आणि बाळ, तूपण यायचं बरं का. साहेबांना तुझा आवाज आवडलाय."

तो गेल्यावर आई म्हणाली, "नाही म्हणा."

"कसं म्हणू?"

"तोंडानं."

"अगं, दहा मिनिटं म्हणाला तो. अण्णांनी यांच्यासाठी खांदा मोडून घेतला, त्याचं काही मिळालं आपल्याला? आता मिळतंय तर…"

"यांच्यासाठी नाही घेतला मोडून. किल्लीवाल्यांच्या गुंडांनीच मोडला होता. तुम्हीच सांगता ना?"

पलंगावरून तुटका "विजय असो!" आला.

"बघा, ते नको म्हणतायत," भोंगा म्हणाली. पण ती मनापासून नव्हती म्हणाली. हजार माणसांसमोर माईक, हे तिच्या डोक्यात मघापासून फुग्यासारखं फुगत होतं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "उशी घेऊ ना मऊ. दहाच मिनिटं तर आहेत."

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि कणीक मळावी तशी उशी दाबून बघायला घेतली.

रविवारी ऊन असं होतं की प्लास्टिकच्या खुर्च्यांना हात लावला तर चटका बसावा. मंडप होता, पण तो व्यासपीठावर आणि बड्या लोकांवर. निष्ठावंतांच्या खुर्च्या व्यासपीठाच्या पायथ्याशी, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून उघड्यावर. पाच म्हातारे होते. एकाला ऐकू येत नव्हतं, एक झोपला होता, उरलेले दोघे एकमेकांना विचारत होते की चहा कधी मिळणार. आजोबांना हॉस्पिटलच्या चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. प्रत्येकाच्या गळ्यात, मागे उभ्या बाबांच्यासुद्धा, किल्लीवाल्या पक्षाच्या रंगाचा पट्टा. पट्टा म्हटलं की माणसाला आधी काय आठवतं, हे त्या पक्षात कुणाला सुचलं नव्हतं, की सुचूनही कुणी बोललं नव्हतं.

दहा मिनिटं कधीच संपली. साहेब यायचे होते. मग साहेब आले, पण साहेबांचे साहेब यायचे होते. आई पदराच्या जागी पेपरानं वारा घालत होती. आजोबांच्या डाव्या हाताची मूठ खुर्चीच्या दांड्यावर वळत होती, सुटत होती. आईनं पीएला तीनदा गाठलं. दर वेळी तो म्हणाला, "हा आत्ता पुकारा होतो बघा."

पुकारा झाला तेव्हा चौघांनी खुर्ची उचलून वर नेली, नवीन कपाट नेतात तशी. मागोमाग भोंगा. वरून तिनं मैदान पाहिलं. एवढी डोकी! पीएनं तिच्या हातात माईक दिला आणि कानाशी म्हणाला, "तू साहेबांचं नाव घ्यायचं, अण्णा पुढचं म्हणतील. चढवत ने."

साहेब बोलत होते. "लोक विचारतात, निष्ठा कुठे आहे? ही बघा निष्ठा! वाचा गेली, अंग गेलं, पण निष्ठा गेली नाही! डॉक्टर म्हणतात हे बोलू शकत नाहीत. बोलतात की नाही ते तुम्हीच ऐका."

भोंग्यानं श्वास पोटात भरला. "साहेबांचा…"

"विजय असो!"

मैदान उसळलं. तसला आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. आपल्या एका शब्दाला एवढा मोठा प्राणी उत्तर देतो, हे तिला दारूसारखं चढलं. आजोबांना तरुणपणी रोज असंच वाटत असेल, असंही तिच्या मनात आलं आणि ती त्यांच्याकडे बघून हसली.

"साहेबांचा…"

"विजय… असो."

आता साहेबांनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. वाकड्या खांद्यावर. नुसता ठेवला नाही, कॅमेऱ्यासाठी जवळ वाकून त्यावर भार दिला. आजोबांचं सगळं अंग खुर्चीत खाली दाबलं गेलं, जखमेवर.

"विज…" आजोबा म्हणाले. "विज… विज…"

तिला कळलं. त्या मैदानावर ते दोघींनाच कळलं. एक व्यासपीठाच्या पायऱ्यांवर पोलिसाच्या हाताखालून वर यायची धडपड करत होती. दुसरीच्या हातात माईक होता.

"कंठ दाटून आलाय बघा!" साहेब गर्दीला म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळेही भरून आले होते. ते खोटं नव्हतं, हीच त्यातली गंमत. आणि भोंग्याला त्यांनी हातानं खूण केली. अजून एकदा.

माईक खाली ठेवायला वेळ किती लागतो? तिनं नाव घेतलं. तिनं अजून एकदा, पोटातून, साहेबांचं नाव घेतलं. आजोबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या व्यासपीठावर त्यांचं बोलणं कळणारी ही एकच होती, आणि ते तिलाच सांगत होते.

"विज…"

फोटो निघाला तो तेव्हा.

घरी आल्यावर आईनं त्यांना कुशीवर वळवलं. उशीची पांढरी खोळ खालून लालपिवळी झाली होती आणि कातडीला चिकटली होती. आईनं कोमट पाण्यानं ती थेंब थेंब भिजवून सोडवली. बाबा दारात उभे होते, गळ्यातला पट्टा काढायचा विसरून. रात्री ताप चढला. हॉस्पिटलात नेलं, आईच्याच वॉर्डात. जखम कापावी लागली. आठवड्यानं परत आणलं तेव्हा पलंगावर आजोबा निम्मेच दिसत होते.

आणि ते बोलेनात. लांबवलेलं नाही, तुटकं नाही, दुखतानाचंसुद्धा नाही. पाण्याचा पेला ओठांशी नेला तर पीत, नाहीतर छताकडे बघत. भोंगा शाळेतून आली की पलंगाशी उभी राहून वाट बघायची. एकदा तिनंच हळू, हेलकावा देऊन म्हणून बघितलं, "विजय असो?" आजोबांनी तोंड भिंतीकडे केलं.

गावात मात्र त्यांचं तोंड उघडंच होतं. चौकात फ्लेक्स लागला होता, दुमजली घराएवढा. आजोबांचा चेहरा, उघडलेलं तोंड, ताणलेल्या शिरा. शेजारी माईक धरलेली भोंगा, अर्ध्या हसण्यात. वर लिहिलं होतं, "तीन पिढ्या निष्ठावंत." मधल्या पिढीचा फोटो नव्हता, तरी ती मोजली होती.

"भोंगा, अगं तू फेमस!" लंबू ओरडली. "आता आम्हाला ओळख देशील ना?"

बटण मात्र मान वर करून बराच वेळ बघत राहिली. तिनं विचारलं, "आजोबा काय म्हणतायत गं यात?"

"घोषणा देतायत ना," लंबू म्हणाली. "दिसत नाही का?"

भोंगा दप्तर सावरून पुढे चालायला लागली. दुसऱ्या दिवशी खिडकीची जागा तिनं बटणला देऊन टाकली, आणि का ते सांगितलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सलूनवाले काका आजोबांची दाढी करायला आले. ते आजोबांचे जुने दोस्त, पक्के शिडीवाले. साहेब गेले तरी हे गेले नाहीत. त्यांच्या सलूनमध्ये अजून शिडीचं कॅलेंडर होतं, वर्ष उलटून गेलेलं. आजोबांच्या गालावर साबण फासता फासता ते पुटपुटत राहिले, "नेलं ना रे तुला तिकडे. जत्रेतल्या बैलासारखं सजवून नेलं."

"काका," भोंग्यानं विचारलं, "तुम्ही सगळे एकमेकांना निष्ठावंत म्हणायचात?"

"छे! आम्ही म्हणायचो, आपला माणूस. अमक्याला पाठव, आपला माणूस आहे. निष्ठावंत हे नंतर निघालं." वस्तरा गालफडावरून सावकाश उतरत होता. "तिकीट द्यायचं असतं त्याला कार्यक्षम म्हणतात. पद द्यायचं असतं त्याला अनुभवी म्हणतात. काहीच द्यायचं नसतं त्याला निष्ठावंत म्हणतात. आणि स्टेजवर खुर्ची देतात."

भोंग्याला हसू आलं. काका म्हणजे काका. तिला वाटलं, निदान एक माणूस तरी आपल्या बाजूचा आहे.

काकांनी वस्तरा पुसला. मग घसा खाकरला. "मी काय म्हणतो, पुढच्या आठवड्यात आपला मेळावा आहे. शिडीचा. छोटाच. अण्णाला जरा आणलंत तर? लोकांना कळायला हवं ना, खरा निष्ठावंत कुणाकडे आहे ते."

"ते बसू शकत नाहीत, काका."

"बसवायचं कुठे? आडवंच आणू की. खाटेवरून. उलट जास्त…" ते मध्येच थांबले.

"उलट जास्त काय?"

काकांनी तिच्याकडे न बघता वाटीतलं पाणी खिडकीतून फेकलं. आजोबांचा एक गाल गुळगुळीत झाला होता आणि दुसऱ्यावर साबण वाळत होता.

त्याच संध्याकाळी पीए आला. या वेळी करंडी मोठी होती. उद्या सकाळी शेजारच्या शहरात मोठी सभा, साहेबांचे साहेब स्वतः येणार, गाडी आठ वाजता दारात.

"ते आता बोलतच नाहीत," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी आशा होती, जणू हे कारण पुरेल.

"अजिबातच नाही?" पीएनं पलंगाकडे वाकून पाहिलं, बंद पडलेलं घड्याळ बघतात तसं. मग त्याचा चेहरा उजळला. "काही हरकत नाही! त्यांनी नुसतं असायचं. आवाज हिचा आहे की. मागे उभी राहून ही 'विजय असो' म्हणेल. लांबून कुणाला कळतंय? सारखाच तर आवाज आहे." त्यानं भोंग्याच्या डोक्यावर टपली मारली. "पुढे हिचं कॉलेज, हॉस्टेल, सगळं साहेब बघतील. आणि तुमची ऑर्डर टाईप झालीय. सही परवा."

तो गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला. स्वयंपाकघरात आई, बाबा आणि भोंगा तिघं पाटावर बसावं तशी जमिनीवर बसली आणि कुणीच कुणाकडे पाहिना.

"शेवटचं," बाबा म्हणाले. "यानंतर नाही. ऑर्डर हातात आली की मी कुणाच्या बापाला भीत नाही."

"तुमच्याच बापाबद्दल चाललंय," आई म्हणाली.

"तुला काय वाटतं, मला कळत नाही? मुलगा आहे मी त्यांचा! पण नाही म्हटलं तर हंगामीसुद्धा राहणार नाही मी. उद्या दुपारी दुसरा माणूस असेल पंपावर. मग औषधं कशानं आणू?"

भोंग्यानं आईकडे पाहिलं. आता आई काहीतरी सणसणीत बोलेल. पण आई बोटानं जमिनीवर रेघा ओढत होती. "ऑर्डर मिळाली," ती हळूच म्हणाली, "तर दिवसभर त्यांच्यापाशी बाई ठेवता येईल. मी कामावर गेले की तासन्‌तास ते एका कुशीवर असतात." मग ती रेघा पुसत म्हणाली, "गाडीत आडवं नेता येईल का, विचारा."

म्हणजे आईसुद्धा. आणि त्यात खोटं काही नव्हतं. हेच भयंकर होतं, की त्या घरात कुणीच वाईट नव्हतं.

भोंगा उठून बाहेरच्या खोलीत गेली. आजोबा जागे होते. एका गालावर दाढीचे खुंट तसेच, काका अर्धवट टाकून गेले होते. तिनं त्यांचा डावा हात हातात घेतला. हात गार होता. त्यानं तिचा हात धरला नाही, झिडकारलाही नाही.

"मला कळलं होतं, आजोबा," ती म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं. तरी मी परत नाव घेतलं."

आजोबा छताकडे बघत राहिले. त्यांच्याकडे आता द्यायला शब्द नव्हता, शेवटचा होता तो तिनंच माईकवर काढून घेतला होता. मग ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय."

"हळू बोल," बाबा म्हणाले. "भिंतीपलीकडे माणसं आहेत."

"असू देत. उद्या गाडी आली की दार मी उघडणार. आजोबा जाणार नाहीत, आडवे नाहीत की बसून नाहीत. सलूनवाल्या काकांकडेही नाहीत. आणि मी त्यांच्या मागे उभी राहून त्यांचा आवाज काढणार नाही, कॉलेज मिळू दे की न मिळू दे. पीएनं ऐकलं नाही तर मी चौकात जाणार, त्या फ्लेक्सखाली उभी राहणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगणार, की या फोटोत माझे आजोबा 'दुखतंय' म्हणतायत आणि शेजारची मुलगी ते ऐकून हसतेय."

"पोरी, नोकरी जाईल माझी," बाबा म्हणाले.

"जाईल, बाबा. मला माहीत आहे. म्हणून तुम्हाला आज सांगतेय."